‘वेचणी’चे शेवटचे वाक्य

दौलत,

तुझ्या शोकसभेत पाच जण बोलले आणि पाचही जण चुकीचे बोलले. सहावा वक्ता मी होतो. माझे नाव पुकारले गेले तेव्हा मी उठलो, घसा बसल्याचे सांगितले आणि पुन्हा खुर्चीवर बसलो. माझा घसा बसलेला नव्हता. अठ्ठ्याहत्तर वर्षांत तो कोणत्याही सभेत बसलेला नाही, हे अमरावतीपासून अकोल्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून लोकांनी ते मौन दुःखाचे मानले आणि माझ्यासाठी हळहळले. त्या पाचांच्या चुका किरकोळ होत्या. माझी किरकोळ नव्हती.

तुझा जन्म कुठे झाला, कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंगमध्ये मालाची प्रत ठरवणारा ग्रेडर म्हणून तू किती वर्षे काढलीस, कोणत्या मासिकात काय छापून आले, हे सारे त्यांनी सांगून झाले आहे आणि त्यातल्या तारखा बहुधा बरोबर असतील. मला त्यात रस नाही. मला भांडायचे आहे. समोर तू नाहीस एवढ्या कारणावरून ते सोडून द्यावे, असे मला वाटत नाही.

तुझे असंग्रहित लेखन जे संपादित करत आहेत, त्या प्राध्यापक महाशयांनी तुला रानफूल म्हटले. उत्स्फूर्त प्रतिभा, मशागतीवाचून उमललेली, वगैरे. उत्स्फूर्त! मूर्तिजापूरच्या फलाटावरच्या एका कुत्र्यावर तू दीड पान लिहिलेस, त्यासाठी तीन रविवार त्याच्या मागे हिंडलास आणि सहा मसुदे फाडलेस. सातव्यात त्याच्या शेपटीविषयीचे एक वाक्य उरले होते, तेही तू मला विचारून काढलेस. म्हणजे मी ‘ठेव’ म्हणालो म्हणून काढलेस.

दुसऱ्याने तुला विनम्र ठरवले. ज्याला विनम्र दौलत भेटला, त्याला तू फारसा मोजत नसणार. मला तू पहिल्याच दिवशी मोजले होतेस. अमरावतीत मी लेखनाचे शिबिर घेत होतो आणि नमुना म्हणून माझीच कथा वाचून दाखवत होतो. तिचा नायक जिनिंगमध्ये शिरतो आणि रुईच्या ढिगांमधली ‘शुभ्र शांतता’ त्याला वेढून टाकते, असे एक वाक्य होते. ते मला फार प्रिय होते. शेवटच्या रांगेतून तू उठलास.

“मास्तर, एक इचारू? तुमी जिनिंगमंदी कधी गेले व्हते काय?”

“बाहेरून पाहिली आहे,” मी म्हणालो.

“मंग बाहेरच असन शांतता. आत त इतका आवाज असते का शेजारच्या मानसाले पानी मांगाचं असलं तरी आंगठा तोंडाकडं करून दाखवा लागते. तुमचा हिरो बहिरा हाये काय?”

शिबिर पाच मिनिटे हसत होते. त्याचा सूड म्हणून मी तुला रोजच्या पाहण्यातले काहीतरी लिहून आणायला सांगितले. दुसऱ्या दिवशी तू जिनिंगमधल्या खुणा लिहून आणल्यास. पाण्याचा अंगठा, चहाची दोन बोटे, मालक आला की कानाची पाळी ओढायची. चार पाने, एकही विशेषण वाया न गेलेली. ती वाचली आणि मी माझी कथा घरी नेऊन फाडली. तेव्हा, मी तुला घडवले म्हणून तिसऱ्या वक्त्याने माझे जे जाहीर आभार मानले, ते मी येथे परत करतो.

त्यानंतर कित्येक वर्षे आपण दर दुसऱ्या रविवारी मूर्तिजापूरला भेटलो. मी अमरावतीहून बडनेऱ्यामार्गे यायचो, तू अकोल्याहून. ‘शकुंतला’ या छोट्या गाडीच्या अरुंद रुळांकडे तोंड केलेला तो बाक आपला होता. नियम तू घातला होतास. पाव तास कुणी बोलायचे नाही, फक्त पाहायचे. मग दोघांनी दहा-दहा वाक्ये लिहायची आणि वह्या बदलायच्या. ‘जणू’ या शब्दाला बंदी होती आणि ती मोडण्याचा मान बहुतेक वेळा माझ्याकडे असायचा.

एकदा समोरच्या बाकावर एक म्हातारे जोडपे बसले होते. मी लिहिले की दोघे अबोल होते आणि त्या अबोल्यात सहजीवनाची सगळी समजूत साठली होती. तुझी वही उघडली. तू लिहिले होतेस की म्हातारीच्या चपलेचा पट्टा तुटला; म्हाताऱ्याने सदऱ्याला लावलेली सेफ्टी पिन काढून तिला दिली; आणि गाडी येईपर्यंत तो छातीवर हात धरून बसला, कारण सदऱ्याला गुंडी नव्हती. मीही तो हात पाहिला होता. छातीत दुखत असेल असे मला वाटले होते. सहजीवन मी शब्दांत शोधत होतो आणि ते माझ्यासमोर वीस मिनिटे सदरा आवरून बसले होते.

“तुमी वरचा कापूस पाह्यता, मास्तर,” तू म्हणाला होतास. “ढिगाच्या वर चांगलाच माल ठेवलेला असते. हात कोपरापावतर आत घाला लागते.”

हे तुझ्या धंद्यातले साधे तंत्र होते. कापसाची गाडी आली की तू वरचा कापूस कधी उचलला नाहीस. बाही सारून हात आत घालायचास, मूठभर कापूस बाहेर काढायचास, दोन्ही अंगठ्यांनी ओढून धाग्याची लांबी पाहायचास. लिहितानाही तू हेच केलेस आणि मला शिकवलेस. मराठी साहित्य मी पस्तीस वर्षे शिकवले. वाक्य लिहायला एका ग्रेडरकडून शिकलो. हे तू असताना मी कुठल्याही व्यासपीठावरून सांगितले नाही. घरी, बायकोजवळ सांगितले. ती म्हणाली, “मले नका सांगू, त्याईले सांगा.”

तू गेल्यानंतरच्या सोमवारी सकाळी मी गॅलरीत बसलो होतो. समोरचा रसवंतीवाला चरकाचे घुंगरू काढून एका वाटीत पाण्यात घालत होता आणि एकेक चोळून फडक्यावर मांडत होता. मी दहा वाक्ये लिहिली. सवयीने वही मिटून बाजूला, तुझ्यासाठी ठेवली. नंतर ती बराच वेळ तशीच राहिली.

आता ‘वेचणी’कडे येतो. येण्याचे मी दोन पाने टाळले, हे तुझ्या ध्यानात आले असेल.

तुझी आई, गयाबाई, दुसऱ्यांच्या वावरात कापूस वेचायची. तिच्यावर तू लिहिलेस आणि मी चालवत असलेल्या त्रैमासिकासाठी माझ्या हाती दिलेस. तशी पाने मी त्याआधी वाचली नव्हती, नंतरही नाही. ती पहाटेच का निघते. तर दवाने पान ओले असते, चुरत नाही आणि कापसात काडीकचरा जात नाही. बोंडातल्या सगळ्या पाकळ्यांमधला कापूस ती तीन बोटांनी एका ओढीत कसा घेते. किडका, पिवळट कापूस, ज्याला आपल्याकडे कवडी म्हणतात, तो ती झोळीत पडू न देता पदराच्या गाठीत वेगळा कसा बांधते. आणि शेवटी वाळलेल्या बोंडाचे टोक तिच्या नखात जाते. तुझी अखेरची तीन वाक्ये अशी होती: ‘टोक नखात गेलं. मायनं बोट तोंडात घातलं. दुसऱ्या हातानं वेचत राहिली.’

अंक छापायला जायचा होता. मला तो शेवट उघडा वाटला. लेख नुसताच थांबतो, वाचकाला काही देत नाही, असे वाटले. तुला फोन करता आला असता. मी केला नाही. मी तुझ्या तीन वाक्यांच्या खाली माझे एक लिहिले: ‘त्या दिवशी पांढऱ्या कापसावर तिच्या रक्ताचा एक थेंब पडला, कुणाच्या तरी अंगावरच्या सदऱ्यात तो अजूनही आहे.’

पत्रांचा ढीग आला. प्रत्येक पत्रात तो थेंब होता. पुढे तो भाषणांत गेला, फलकांवर गेला, तुझ्या नावाबरोबर जोडला गेला. आणि तू पुढच्या रविवारी अंकाची गुंडाळी करून मूर्तिजापूरला आलास. बाकावर बसलासही नाहीस.

“हे काय हाये?”

मी सांगितले की शेवट सुटत होता, संपादकाला तेवढा अधिकार असतो, वाचकांची पत्रे पाहा. तू अंक माझ्या मांडीवर ठेवलास.

“माझ्या मायनं चाळीस वर्सं कापूस वेचला. कापसाले एक डाग लागू देल्ला नाई. डाग लागला का माल उतरते, हे तिले मी ग्रेडर व्हायच्या आधीपासून मालूम व्हतं. बोट तोंडात काहून घातलं तिनं? दुखलं म्हनून? कापसाले लागू नाई म्हनून! तेवढंच त सांगाचं व्हतं मले. आन तू तिले बिनकामाची करून टाकलं.”

“दौलत, ते प्रतीक आहे.”

“प्रतीक पायजे त तुह्या मायचं घे.”

मला ‘तू’ म्हण, असे मी वर्षानुवर्षे सांगत आलो होतो. तू ‘मास्तर, तुमी’ सोडले नव्हतेस. त्या दिवशी ते प्रथम आले. मी सुन्न झालो, आणि सुन्न झालो की मी आवाज चढवतो. मी म्हणालो की त्या एका वाक्यावाचून तुझा लेख कुणाच्या लक्षातही राहिला नसता.

“वावर तुमचं, कापूस तुमचा,” तू म्हणालास. “तुले रडाचं व्हतं, म्हनून तुले रक्त पायजे व्हतं. माझ्या मायनं नाई सांडलं. तू सांडलं.”

आणि अकोल्याची गाडी नसताना तू फलाटाच्या त्या टोकाला जाऊन उभा राहिलास.

सभेतला चौथा वक्ता म्हणाला की आपल्या दोघांत मध्यंतरी जे आले ते जातीमुळे आले. तो खोटे बोलला, असे लिहायलाच मी हा कागद घेतला होता. माझ्या घरी तू जेवलास, तुझ्या घरी मी जेवलो, बाबासाहेबांच्या जयंतीला तुझ्या अंगणात मी बोललो. हे सगळे मांडून त्याला आडवा करायचा माझा विचार होता. आता तसे करवत नाही. तो जे म्हणाला ते त्याला समजले नव्हते, तरी ते पूर्ण खोटे नव्हते. आमच्या वडिलांच्या काळ्या जमिनीच्या वावरात वेचायला बायका यायच्या. दुपारी त्या घरामागे बसायच्या आणि माझी आई त्यांच्या ओंजळीत वरून पाणी ओतायची; तांब्या कुणाच्या हाताला लागू नये म्हणून हात उंच धरायची. मी ओसरीवरून पाहत असायचो. ती धार मला आजही दिसते. दर रविवारी दहा वाक्ये लिहिणाऱ्या माणसाने तिच्यावर एक वाक्य लिहिलेले नाही. माझ्या आईचे पाणी मला लिहिता आले नाही, म्हणून मी तुझ्या आईचे रक्त लिहिले. फलाटावर त्या दिवशी तू माझ्याच ढिगात कोपरापर्यंत हात घातला होतास.

जवळजवळ वर्षभर आपण भेटलो नाही. मग एका शनिवारी तुझा फोन आला. “मास्तर, उद्या रविवार हाये. तुमी येता का?” बस, एवढेच. मी धावत आलो. तू बाकावर होतास, वही काढलेली होती. तू मला क्षमा केलीस असे मी मानले आणि मोकळा झालो. ‘तुमी’ परत आले होते, त्याचा अर्थ त्या वेळी माझ्या ध्यानात आला नाही. ते ‘तू’ तुझ्या तोंडून मला पुन्हा कधी मिळाले नाही.

नंतर तुझे पुस्तक निघाले. लेखांची यादी तू माझ्याकडे पाहायला पाठवलीस. ‘वेचणी’ तीत नव्हती. मी फोन केला.

“दौलत, ‘वेचणी’ राहिली.”

“राहू द्या.”

तेवढ्याने माझे काम भागले. ‘ते वाक्य मी काढतो’, एवढे म्हणायला हवे होते. तू बहुधा वाट पाहत होतास, कारण फोन लगेच ठेवला नाहीस. मी प्रकाशकाच्या कागदाच्या दर्जाविषयी बोलू लागलो. आपला सर्वांत चांगला लेख तू आपल्या एकमेव पुस्तकाबाहेर ठेवलास. खोटा छापायचा नव्हता आणि खरा छापला असता तर मी उघडा पडलो असतो. हे मला त्या क्षणी कळले होते, दौलत. कळले नव्हते असे म्हणून मी सुटू शकत नाही. सभेत पाचव्या बोललेल्या बाईने सांगितले की आईची आठवण सोसत नसल्यामुळे दौलतरावांनी ‘वेचणी’ पुस्तकात घेतली नाही. मग तिने तो थेंब म्हणून दाखवला आणि सभागृह रडले. त्यानंतर माझे नाव पुकारले गेले.

गेल्या आठवड्यात तुझी मुलगी संघमित्रा अमरावतीला माझ्याकडे आली. नव्या संग्रहाची मुद्रिते तिच्याजवळ होती. ‘वेचणी’ सर्वांत पहिली. मागच्या मुखपृष्ठावर तेच वाक्य, तांबड्या अक्षरांत.

“काका, प्रस्तावना तुमीच लिहा,” ती म्हणाली. “बाबाले तुमच्याबिगर कोन वळखते? मी नववीत असताना वक्तृत्वात हेच वाक्य म्हनलं व्हतं. पहिली आल्ती. बाबा हॉलमधून उठून बाहेर गेल्ते. मले वाटलं, रडू आलं असन त्याईले.”

तुझी मूळ पाने माझ्या कपाटात आहेत, हे जगात दोघांनाच ठाऊक होते आणि त्यांतला एक गेला होता. मला गप्प राहता आले असते. खोटे कशाला बोलू, क्षणभर तसे मनात येऊनही गेले. ती चहाचा कप विसळायला आत गेली होती तेवढा वेळ. ती परतली तेव्हा मी कपाट उघडून तुझी पाने मुद्रितांवर ठेवली. तिने ती उभ्यानेच वाचली. मग बसून पुन्हा वाचली.

“ते वाक्य नाई इथं.”

“नाही.”

“मंग कोनाचं हाये?”

“माझे.”

तिने शेवटचे पान उलटून मागची बाजू पाहिली.

“बाबानं काहून नाई सांगतलं मले?”

“माझ्यासाठी.”

“आन तुमी? तुमी काहून नाई सांगतलं?”

ती पुढे म्हणाली, “त्या थेंबावर मी बक्षीस घेतलं, काका. पोराईले शिकवलं मी ते. आजीचं रक्त म्हनून सांगतलं त्याईले.”

मी तिथल्या तिथे प्राध्यापकांना फोन लावला आणि मागचे पान बदलायला सांगितले. ते म्हणाले, “सर, लोकांना दौलतरावांचं तेवढंच पाठ आहे. मुखपृष्ठ तयार आहे. आता कशाला?” मी ओरडू लागलो. लेखकाचा शब्द, संपादकाची मर्यादा, जे जे मी आयुष्यभर इतरांना सुनावले ते सगळे त्यांना सुनावले. संघमित्राने माझ्या हातातून फोन काढून घेतला. “सर, ते बाबाचं नाई,” ती म्हणाली. “मागचं पान कोरं ठेवा.” आणि ठेवून दिला.

मग तिने तुझी शेवटची तीन वाक्ये मोठ्याने वाचली. ओठ सवयीने पुढच्या वाक्यासाठी उघडले आणि तसेच राहिले.

“इथंच सरते?”

“इथेच.”

“बरोबर हाये.” ती पानाकडे पाहत होती. “चटका बसला तरी आजी आधी भाकर उलथायची. मंग बोट पाह्यची. मी पाह्यलं हाये.”

तुझ्या लेखावरची इतकी अचूक समीक्षा मी वाचलेली नाही. तिने मुद्रित माझ्याकडे सरकवले आणि पेन दिले. मी विचारले, तू खोडत नाहीस? ती म्हणाली, “तुमी लिवलं, तुमीच खोडा.” मी खोडले. पहिली रेघ तुझ्या शब्दांना लागेल अशी भीती वाटली म्हणून शब्द एकेक करून खोडले.

प्रस्तावना लिहिणार नाही, असे मी तिला सांगितले. ती लिहिण्याचा अधिकार माझा नाही. तुला पत्र लिहीन म्हणालो. ते पुस्तकात घ्यायचे की नाही, हे तिने ठरवावे.

“लिहा,” पायऱ्या उतरता उतरता ती म्हणाली. “पन रडू नका त्याच्यात.”

तिचे म्हणणे जमेल तेवढे पाळले आहे. वाक्य काढले आहे, दौलत. तू असताना काढायला हवे होते.